मेथिलफेनिडेट चालू असताना आर्मोडाफिनिल घ्यावी का? रात्रपाळीवाल्या पेशंटला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे 31 वर्षांचे, राहणार गोव्यात फोंडा, नोकरी मोपा विमानतळावर, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. मोठेपणी एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलतेच्या विकाराचे, निदान झाले आणि मनोविकारतज्ज्ञांनी मेथिलफेनिडेटची 36 मिलिग्रॅमची, दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी सुरू केली. ड्युटीवर डुलक्या येतात म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी आर्मोडाफिनिल 150 लिहून दिली. पहिल्या गोळीचे त्यांना सांगायचे राहून गेले. एका रात्री दोन्ही घेतल्यावर छातीत धडधड सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळा लागला नाही. फार्मसीवाल्याने सांगितले, "दोन्हींचं काही इंटरॅक्शन नाही, बिनधास्त घ्या." आता ते विचारतात, चालते का? की एक बंद करू?

आधी हातातले काम. आर्मोडाफिनिलची पट्टी तूर्त कपाटात ठेवा आणि मेथिलफेनिडेट देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून झालेला प्रकार सांगा. चारदोन दिवस घेतलेली आर्मोडाफिनिल थांबवल्याने फिट वगैरे काही येत नाही. झोप येईल, पण ती तशीही येतच होती. मेथिलफेनिडेट ठरल्याप्रमाणे चालू ठेवायचे की दोन दिवस थांबायचे, हे धडधड आणि बीपी ऐकून तेच सांगतील. पुन्हा धडधड झाली आणि सोबत छातीत दुखले, दम लागला, चक्कर येऊन पडलात किंवा एकाएकी असह्य डोके दुखले, तर गोळ्यांचा हिशेब नंतर, आधी 108. जाताना दोन्ही पट्ट्या खिशात घालून न्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला "झोप न येण्याची कसलीतरी गोळी" यातून काहीही कळत नाही.

नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी, झोपेच्या तज्ज्ञांनी विचार करून ज्यांना दोन्ही औषधे दिली आहेत, त्यांनी मात्र हे वाचून आपली गोळी परस्पर बंद करू नये. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

आता "इंटरॅक्शन नाही" या वाक्याकडे येऊ, कारण ते खोटे नाही आणि तरी पुरते खरेही नाही. मोडाफिनिल 200 आणि मेथिलफेनिडेट 40 मिलिग्रॅम एकत्र देऊन रक्तातली पातळी मोजली गेली आहे. मोडाफिनिल रक्तात चढायला सुमारे तासभर उशीर झाला, यापलीकडे दोघांच्या पातळीत फारसा फरक पडला नाही. आर्मोडाफिनिल हा मोडाफिनिलचाच अर्धा भाग, जास्त वेळ टिकणारा. त्यामुळे हिशेब तोच. म्हणजे एक गोळी दुसरीचे रक्तातले प्रमाण दुप्पट-तिप्पट करते असे होत नाही, आणि कॉम्प्युटरवर लाल खूण दिसत नाही ती त्यामुळे. पण रक्तातली पातळी ही एक गोष्ट आणि हृदयावर, रक्तवाहिन्यांवर, मेंदूवर होणारी बेरीज ही दुसरी. दोन्ही औषधे डोपामिन हे मेंदूतले निरोप पोचवणारे रसायन परत शोषले जाण्याचा रस्ता अडवतात; मेथिलफेनिडेट त्यासोबत नॉरअ‍ॅड्रिनलिन या तशाच दुसऱ्या रसायनाचाही अडवते. नाडी आणि बीपी दोघेही वर नेतात. ही बेरीज फार्मसीच्या पडद्यावर दिसत नाही, ती बीपीच्या मशीनवर दिसते.

किती वर नेतात? या वर्गातल्या औषधांनी सरासरी नाडी मिनिटाला 3 ते 6 ठोक्यांनी आणि बीपी 2 ते 4 अंकांनी वाढतो, असे मेथिलफेनिडेटच्या माहितीपत्रकातच आहे. मोडाफिनिलच्या चाचण्यांत ज्यांना बीपीची गोळी नव्याने सुरू करावी लागली किंवा वाढवावी लागली, त्यांचे प्रमाण 2.4 टक्के होते. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत 0.7 टक्के. आकडे घाबरवणारे नाहीत. पण सरासरी ही फसवी चीज आहे. बऱ्याच जणांत काहीच वाढत नाही आणि काही जणांत वीस-पंचवीस अंक चढतात. तुम्ही कुठल्या गटातले हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजायला दंडाचे मशीन लागते, मनगटाचे नको. पाच मिनिटे टेकून बसा, आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको, एकदा गोळीच्या आधी आणि एकदा गोळीनंतर तीन तासांनी मोजा. बसल्या जागी नाडी सतत शंभराच्या वर किंवा बीपी वारंवार 140/90 च्या वर येत असेल तर डॉक्टरांना कळवा. 180/120 आले तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढेच राहिले तर त्याच दिवशी दाखवा, सोबत वर सांगितलेला कुठलाही त्रास असेल तर लगेच 108. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तुम्हाला जन्मजात हृदयदोष असेल किंवा पूर्वी कधी बेशुद्ध पडला असाल, तर पहिल्या गोळीआधीच कार्डिओग्राम आणि हृदयतज्ज्ञांचे मत हवे.

खरा घोळ वेळेत आहे. तुमची रात्र तासातासाने मांडून बघू. साडेआठला जेवण, भात, आमटी, तळलेला बांगडा. साडेनऊला निघताना आर्मोडाफिनिल. रिकाम्या पोटी ती साधारण दोन तासांत पूर्ण चढते. जेवणावर घेतली की आणखी दोन ते चार तास उशीर. म्हणजे साडेअकरापर्यंत काही जाणवत नाही, दीडलाही डोळे मिटतायत, आणि "गोळी लागलीच नाही" म्हणून माणूस अजून अर्धी टाकतो किंवा बॅगेतली मेथिलफेनिडेट काढतो. पहाटे सगळे एकदम वर येते. धडधड त्याच वेळी होते. आणि आर्मोडाफिनिल निम्मी उतरायला पंधरा तासांच्या आसपास लागतात. पहाटे तीनला घेतलेली अर्धी गोळी संध्याकाळी सहाला निम्मी शिल्लक असते. मग सकाळी घरी पोचून खिडक्या बंद करून, पंखा लावून पडलात तरी झोप येणार कशी? ती आली नाही म्हणून दुसऱ्या रात्री गोळी आणखी हवीशी वाटते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी अल्प्राझोलाम ही गुंगी आणणारी गोळी सुचवतो. वर ढकलायला एक आणि खाली ओढायला एक अशा दोन गोळ्यांवर दिवस काढणारे लोक मी ओपीडीत नेहमी बघतो, आणि त्यातल्या बहुतेकांचा मूळ प्रश्न पहिल्या आठवड्यात साध्या चौकशीत सुटण्यासारखा होता.

36 ची लांब चालणारी मेथिलफेनिडेट सुमारे बारा तास काम करते. "सकाळी घ्या" असे चिठ्ठीवर लिहिले जाते ते दिवसा काम करणाऱ्यासाठी. तुम्ही रात्रपाळीहून सकाळी आठला घरी येऊन, सवयीने चहाबरोबर ती गोळी घेत असाल, तर झोपायच्या तोंडावर बारा तासांची जाग गिळताय. हसू नका, लिहिल्याप्रमाणे प्रामाणिकपणे गोळी घेणारेच यात सापडतात. रात्रपाळीच्या आठवड्यात ती कधी घ्यायची, की छोटी तीन-चार तासांची गोळी बरी, हे डॉक्टरांना विचारा. निम्म्या पेशंटांच्या बाबतीत डॉक्टरांना पाळ्यांचा पत्ताच नसतो, कारण "काय करता?" याला उत्तर मिळते "विमानतळावर आहे" एवढेच.

दुसऱ्या डॉक्टरांना दोष देण्याची घाई करू नका. पाळीच्या कामामुळे येणारी झोप हे मोडाफिनिलचे मान्य कारण आहे. अमेरिकेत 2004 पासून. युरोपने मात्र 2010 मध्ये उलट पाऊल उचलले: तिथल्या औषध नियंत्रकांनी फायद्या-तोट्याचा हिशेब करून ती फक्त नार्कोलेप्सीपुरती ठेवायला सांगितली. एकाच गोळीबद्दल दोन शहाण्या संस्था असे दोन निष्कर्ष काढतात, यावरून फायदा किती बारीक आहे याचा अंदाज यावा. 2005 मध्ये रात्रपाळीच्या कामगारांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. रात्री आडवे पडल्यावर त्यांना झोप लागायला सरासरी दोन मिनिटे लागत. मोडाफिनिलवर ती पावणेचारच्या आसपास गेली. फरक खरा होता. पण चार मिनिटांत झोपणारा माणूस जागा आहे असे कोणी म्हणणार नाही.

मला तुमच्या प्रश्नात धडधडीपेक्षा जास्त काळजी वाटते ती मोपाहून फोंड्याला येणाऱ्या रस्त्याची. पहाटे ड्युटी सुटली की म्हापसा, पणजीची बगल, जुने गोवे, बाणस्तारीचा पूल, आणि बहुतेक वेळा बाइकवर. गोळीमुळे आपण ताजेतवाने आहोत असे वाटते, पण निर्णयक्षमता झोपेच्या कर्जातच असते. स्टिम्युलंट, म्हणजे उत्तेजक औषध, घेतलेल्या माणसाला आपण चुकतोय हेच उशिरा कळते. निघण्याआधी स्टाफरूममध्ये वीस मिनिटे डोळे मिटून पडणे, किंवा सहकाऱ्यांबरोबर गाडी वाटून घेणे, हे दुसऱ्या गोळीपेक्षा जास्त कामाचे. ड्युटी सुरू व्हायच्या आधी संध्याकाळी दीड तास झोप मिळाली तर आणखी उत्तम. मला माहीत आहे, घरात लहान मूल असेल, चवथीचे दिवस असतील, आरत्या आणि भजने असतील, तर हे बोलायला सोपे. तरी त्या दिवसांत रजा टाकणे किंवा पाळी बदलून घेणे परवडते.

आता बाकीची बेरीज. लोक दोन गोळ्या मोजतात, तिसरी-चौथी मोजत नाहीत. निरोगी मोठ्या माणसाने दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचे 2015 चे मत आहे. ते कुठलेही स्टिम्युलंट नसताना. आपल्याकडे एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन ठेवायला परवानगी आहे, म्हणजे 250 मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त 75. दोन कॅन, कॅन्टीनचे तीन चहा, एक कॉफी, आणि वर दोन गोळ्या. सर्दी झाली की फार्मसीतून आणलेल्या गोळीत फिनाइलएफ्रिन असते. तेही बीपी वाढवते, आणि सोबतचे क्लोरफेनिरामिन पेंग आणते. पेंग आली म्हणून पुन्हा आर्मोडाफिनिल. अशा पेशंटची झोप सर्दीच्या गोळीने बिघडवलेली असते आणि खापर एडीएचडीवर फुटते.

गोव्यात दारूचा विषय टाळून चालत नाही. मेथिलफेनिडेटबरोबर अल्कोहोल घेतले की रक्तातली त्याची पातळी जास्त वर जाते आणि यकृतात इथाइलफेनिडेट नावाचे तिसरेच उत्तेजक तयार होते. शिवाय चढल्याचे जाणवत नाही, म्हणून जास्त प्यायली जाते. मे महिन्यातले हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, लिमका घालून गोड लागते, उन्हात अंगातले पाणी गेलेले असते, आणि गोळी सकाळीच घेतलेली. हे तीन एकत्र नकोत. "आज पार्टी आहे म्हणून गोळी चुकवतो" हाही उपाय डॉक्टरांशी बोलूनच.

इतर औषधांपैकी काहींचे नाव घेऊनच सांगतो. नैराश्यावरच्या जुन्या पद्धतीच्या एमएओ इनहिबिटर गोळ्या आणि मेथिलफेनिडेट यांत किमान 14 दिवसांचे अंतर लागते, नाहीतर बीपी धोकादायक चढू शकतो. तशा गोळ्या आता क्वचित दिसतात, पण टीबीच्या उपचारात दिले जाणारे लिनेझोलिड त्याच जातीचे काम करते, आणि ते देणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या एडीएचडीच्या गोळीची कल्पना नसते. आर्मोडाफिनिल यकृतातले एक एन्झाइम मंदावते, त्यामुळे एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची), डायझेपाम (गुंगीची), फिनिटॉइन (फिटची) यांची पातळी वाढू शकते. दुसरे एक एन्झाइम ती जोरात चालवते आणि त्याचा फटका गर्भनिरोधक गोळ्यांना बसतो: आर्मोडाफिनिल चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर महिनाभर त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, इमर्जन्सी गोळीवरही नाही. कॉपर-टीला बाधा येत नाही. गरोदरपणात मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल टाळाव्यात असाच सल्ला आहे. नर्सिंगमधल्या, हॉटेलांतल्या, कॅसिनोतल्या रात्रपाळीच्या मुलींना हे कोणी सांगत नाही, म्हणून प्रश्न तुमचा असूनही इथे लिहून ठेवले.

एक इशारा आर्मोडाफिनिलचा स्वतःचा आहे. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले तर गोळी त्याच क्षणी बंद आणि थेट इस्पितळ. अशा गंभीर त्वचाविकाराच्या शंकेमुळेच अमेरिकेने 2006 मध्ये मुलांच्या एडीएचडीसाठी मोडाफिनिलला परवानगी नाकारली. दुर्मिळ आहे, पण उशीर महागात पडतो.

मनाचेही बोलायला हवे. घरात कोणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियाचा त्रास असेल, तर ही जोडी माझ्या हातून सहजी लिहिली जाणार नाही. तीन रात्री पुरती झोप नाही, अंगात दोन उत्तेजके, आणि माणूस अचानक फार बोलायला लागतो, सहकारी आपल्याविरुद्ध कट करतायत असे वाटू लागते, पैसे उधळतो. हे त्याला स्वतःला कळत नाही, बायकोला किंवा आईला आधी कळते. म्हणून घरातल्या एकाला तरी गोळ्यांची नावे माहीत असू द्या. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत, म्हणजे आयपीएचबीत, थेट जाता येते, आणि रात्री-अपरात्री बोलायचे झाले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे.

मग दोन्ही एकत्र कधीच नसतात का? असतात. नार्कोलेप्सीत एका औषधाने भागत नाही तेव्हा सकाळी मोडाफिनिल आणि दुपारच्या उतारासाठी मेथिलफेनिडेटचा छोटा डोस, असे झोपेचे तज्ज्ञ करतात. स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या विकारात, मशीन लावूनही दिवसा झोप उरली तर मोडाफिनिल देतात, आणि त्याच माणसाला एडीएचडी असू शकतो. पण तिथे लिहिणारा एक असतो किंवा दोघे एकमेकांशी बोललेले असतात. निदान झोपेच्या तपासणीने पक्के असते. एक औषध पूर्ण आजमावून मग दुसरे, तेही कमीत कमी डोसवर, आणि बीपीची नोंद वहीत. तुमच्या बाबतीत यातले काहीच झालेले नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: गोळ्यांची जोडी विषारी नाही, पण आज तुम्हाला ती लागतेच असे कोणी दाखवलेले नाही.

तुम्ही घोरता का? बायको म्हणते का की मध्येच श्वास थांबतो? गळपट्टी 16 इंचांच्या वर गेली आहे का? मग आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 या साध्या तपासण्या राहिल्यात का? दुपारी किती झोपता, खरेखुरे? सकाळी मुलाला शाळेत सोडणे, मग बाजार, मग फोन, असे करत अकराला पडून दोनला जेवायला उठणारा माणूस तीन तास झोपतो आणि डॉक्टरांना सांगतो "सहा-सात होते". त्याला कुठलीही गोळी पुरणार नाही.

कायद्याचे एक-दोन शब्द, कारण लोक अडकतात. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत फार्मसीने दोन वर्षे जपायची. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ती फोनवरच्या सल्ल्याने लिहून देता येत नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्टर, चिठ्ठी पाठवा" म्हटले की डॉक्टर नाही म्हणतो तो आखडूपणा नव्हे. मोडाफिनिलही चिठ्ठीशिवाय विकायची नसते, तरी ऑनलाइन मिळते. परीक्षेच्या दिवसांत होस्टेलवर पट्ट्या फिरतात त्या तिथूनच. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेली अ‍ॅडरॉल ही एडीएचडीची गोळी तर अ‍ॅम्फेटामिन आहे. ती इथे विकली जात नाही, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि म्हापशाच्या नाक्यावर तपासणीत सापडली तर "डोकं चालावं म्हणून घेतो" हे उत्तर पुरणार नाही.

पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची साधी नोंद घेऊन जा. कधी आडवे पडलात, कधी उठलात, कुठली पाळी, कुठली गोळी किती वाजता, चहा-कॉफी-कॅन किती, बीपी आणि नाडी. वहीच्या चार पानांत मावते. दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो एकाच ठिकाणी ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा. आर्मोडाफिनिल देणाऱ्यांना सांगायला संकोच वाटत असेल तर एवढेच म्हणा: "डॉक्टर, मागच्या वेळी मेथिलफेनिडेटचं सांगायचं राहिलं, 36 ची आहे, दोन्ही घेतल्यावर धडधड झाली." पुढचे प्रश्न ते विचारतील. आणि एचआरला द्यायला, सलग चारपेक्षा जास्त रात्री लावू नयेत असे प्रमाणपत्र हवे असेल तर तेही त्याच भेटीत मागून घ्या. मी ते बऱ्याच जणांना देतो आणि बहुतेक ठिकाणी ते मानले जाते.